दत्ताराम मेस्त्रीचं खरं झाड

दत्ताराम मेस्त्रीनं शेकडो झाडं उभी केली, पण वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत एकाही झाडाला पाणी घातलं नव्हतं. घालायचं कारणच नव्हतं. त्याची झाडं पॉपलीनची असत. आत तार, कापडाला खळ, खळीवर रंग आणि रंगावर वितळलेल्या मेणाचा एक पातळ हात. नाटक कंपन्यांत तो प्रॉपर्टी सांभाळायचा. नायकाची छडी, खलनायकाचा पेला, सासूबाईंचा पानाचा डबा आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यातलं झाड, सगळं त्याच्या ताब्यात. त्या काळी झाडाशिवाय दिवाणखाना उभाच राहत नसे. मुलगी घर सोडून निघाली, बाप खुर्चीत कोसळला, पडदा पडला, तरी कोपऱ्यातलं झाड आपलं हिरवंगार. एकदोन निर्मात्यांनी खरी झाडं ठेवून बघितली होती. दिव्यांच्या झळीनं ती दुसऱ्या अंकातच माना टाकायची आणि बसच्या टपावरून कोल्हापूरला पोचेपर्यंत त्यांच्या नुसत्या काड्या व्हायच्या. मग सगळे म्हणायचे, "दत्ताला सांगा."

दत्ताचा एक नियम होता. बारा पानं केली की तेरावं कात्रीनं किंचित कुरतडायचं, कडेला तपकिरी डाग द्यायचा. "निर्दोष पान फक्त बाजारात मिळतं," तो म्हणायचा, "झाडावर नाही."

लग्नाचं राहून गेलं. दौरे होते, असं तो सांगे. दौरे सगळ्यांनाच होते आणि सगळ्यांची लग्नं झाली होती. खरं कारण गिरगावात राहायचं.

मालन शिरोडकर. आधी नायिका, मग वहिनी, मग आई, शेवटी आजी, अशा चढत्या वयाच्या भूमिका करत ही बाई बत्तीस वर्षं रंगमंचावर वावरली आणि बत्तीस वर्षं विंगेतून तिच्या हातात दत्तारामनं कप, पत्र, कंदील, तान्ह्या बाळाचं गाठोडं, जे लागेल ते दिलं. यजमान ऐन तारुण्यात गेले, मूलबाळ नव्हतं. दत्ताराम तिच्याशी बोलायचा, पण कामापुरतं. त्याचं तिच्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य होतं, "बाई, दुसऱ्या अंकातला कप तडकलाय, कान नीट बघून उजव्या हातानं धरा." कारण असलं की त्याला शब्द सुचत. कारण नसलं की जिभेवर पडदा पडे.

दोन वर्षांपूर्वी दादरच्या एका सभागृहात जुन्या कलावंतांचा सत्कार झाला. हल्ली पुष्पगुच्छाऐवजी रोपटं द्यायची पद्धत आहे, त्यामुळे मालनबाईंना शाल, श्रीफळ आणि एक कुंडी मिळाली. दत्तारामचा सत्कार नव्हता. तो बाईंचं सामान टॅक्सीपर्यंत न्यायला आला होता. त्यानं कुंडी उचलली आणि थबकला. सरळ वर गेलेले जाड दांडे, दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं पानं, गडद हिरवी आणि अशी चकाकणारी, की आताच कुणी पॉलिश केलंय.

त्यानं नखानं एका पानावर टिचकी मारली. "कुणी केलंय हे?"

"काय कुणी केलंय?"

"काम. हात चांगला आहे, पण अक्कल नाही. सगळी पानं एकसारखी. एकाला डाग नाही."

मालनबाई खो खो हसल्या. "अरे दत्ता, खरं आहे ते!"

"काहीतरीच काय, बाई. मला शिकवता?" म्हणत त्यानं एक पान मोडलं. आतून पाणी आलं. दत्ताराम बघतच राहिला. बाई टॅक्सीत बसता बसता त्याची बोटं खाजायला लागली.

"खाजतंय?" बाई म्हणाल्या. "बरं झालं. झाडानं उत्तर दिलं तुला."

झाडाचं नाव देणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि घेणारीलाही. बाईंनी ते गिरगावच्या खोलीत कपाटाशेजारी ठेवलं. आठवण झाली की पाणी, नाहीतर राम राम. वर्षभर ते मजेत होतं.

मग बाईंची चाळ पाडायला निघाली. नवी इमारत केव्हा उभी राहील ते देवाला ठाऊक. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं तोवर एकटीनं राहायचं कुठं? भाची दीपिका इंदूरला होती, ती येऊन घेऊन गेली. निघायच्या दिवशी दत्ताराम बांधाबांध करायला गेला होता. सगळं झाल्यावर कुंडी राहिली.

"हे तू ने," बाई म्हणाल्या. "दीपिकाला घरात माती चालत नाही."

"बाई, मला खऱ्या झाडातलं कळत नाही."

"शीक मग. आणि हे बघ, नवीन पान आलं की मला फोन कर. कळलं?"

दत्ताराम मान हलवून निघाला. टॅक्सीत कुंडी मांडीवर घेऊन बसला. काळाचौकी येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला आज फोन करायचं कारण मिळालं आहे.

काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तो पुतण्या अजितकडे राहायचा. अजित दिवसभर कामावर, घरात राज्य अजितच्या बायकोचं, वैशालीचं. तिनं कुंडी बघून कमरेवर हात ठेवले.

"काका, दहा बाय बाराच्या खोलीत जंगल कुठे लावताय?"

"फ्रीजशेजारी बसेल."

"फ्रीजशेजारी मी बसते, भाजी निवडायला. नाव काय याचं?"

हा प्रश्न दत्तारामलाही छळत होता. नाव माहीत नसलेल्या पाहुण्याला जेवायला काय वाढायचं? पण त्याच्याजवळ एक खूण होती. बोटं खाजली होती. कणकवलीजवळच्या गावी, लहानपणी, आई अळू चिरायला बसली की आधी हाताला चिंच लावून घ्यायची, ते त्याला आठवलं. खाजतं ते अळू. आणि अळू कुठे वाढतं? मोरीच्या पाण्यावर, न्हाणीच्या मागे, जिथं चिखल कधी सुकत नाही तिथं.

"अळवाच्या जातीचं आहे," त्यानं वैशालीला ठणकावून सांगितलं. "ह्याका पाणी व्हया. भरपूर."

सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. तांदूळ धुतलेलं पाणी वैशालीनं ओतायला घेतलं की हा आडवा. बाराव्या दिवशी चमत्कार झाला. मातीतून एक कोंब वर आला, पोपटी, गुंडाळलेला, भाल्याच्या टोकासारखा. आठवड्यात त्याची पानं उलगडली, इतकी कोवळी की त्यांना हात लावायचीही भीती वाटावी.

दत्ताराम गॅलरीत गेला आणि बटणांचा फोन कानाला लावला.

"बाई, पान आलं."

"आलं? सांग, सांग कसं आहे!"

त्यानं रंग सांगितला, उंची सांगितली, जोड्या किती ते सांगितलं. मग बाईंनी इंदूरचं सांगितलं. पोहे चांगले मिळतात, पण बोलायला कुणी नाही, दीपिका दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली. अकरा मिनिटं झाली. आयुष्यात पहिल्यांदा दत्ताराम अकरा मिनिटं मालनबाईंशी बोलला आणि त्यात एकही कप तडकलेला नव्हता.

खरं तर तो कोंब बाईंच्या कोरड्या वर्षाचा होता, आधीच आत तयार होऊन बसलेला. पण दत्तारामला वाटलं ही आपल्या पाण्याची करामत. दोन तांब्यांचे तीन झाले.

त्यानंतर महिना गेला. दुसरा गेला. पान येईना. तिसऱ्या महिन्यात एक दांडा पिवळा पडला. दत्तारामनं पाणी वाढवलं. दुसरा दांडा पिवळा पडून वाकला, बुडाशी हात लावला तर पिकलेल्या केळ्यासारखा मऊ. पानं दिवसाला एक, मग दोन, मग चारचार गळायला लागली. तो ती उचलून वर्तमानपत्रात ठेवायचा. फेकवत नव्हती.

"काका," वैशाली एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही त्या कुंडीपुढे असे बसता ना, जसं काही आयसीयूच्या बाहेर बसलाय. करा ना मालनबाईंना फोन सरळ."

"काय सांगू?"

"कशा आहात विचारा."

"असं कसं विचारणार?"

"तोंडानं! माझी आई रोज फोन करते. काय सांगते? काही नाही. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली हे सांगते. कारण लागतं का फोनला?"

दत्ताराम तिला काय सांगणार? ती रोज कारणाशिवाय बोलणाऱ्या माणसांत वाढली होती.

पाचव्या महिन्यात कुंडीत तीन दांडे उरले, तेही मरगळलेले. त्याच सुमारास अजित-वैशाली दोन दिवसांसाठी लग्नाला पनवेलला गेले. दत्तारामनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत जुनी कात्री होती, बारीक तारेचं भेंडोळं होतं, मेणाचा तुकडा होता. हिरवी पॉपलीन लालबागच्या दुकानातून आणली, रंग घरातच कालवला. आधी झाला जून हिरवा. त्यात पिवळा टाकला, मग थेंबभर पांढरा. कात्रीनं पानाचा आकार बरोबर धरला. बोटं हे काम विसरली नव्हती. खालची पानं अर्धी उलगडलेली, वरची गुंडाळलेली, टोक किंचित लालसर. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तो कोंब मातीत खोचला, मागे सरला, डोळे बारीक केले. झाड जिवंत झालं.

वैशाली परत आली आणि किंचाळलीच. "अय्या काका! आलं की!"

त्यानं तोंड उघडायच्या आत तिनं स्वतःच मोबाईल काढला, फोटो घेतला, इंदूरला पाठवला. खोटं बोलायची वेळच आली नाही. विंगेत उभं राहायची सवय अशी कामाला येते.

संध्याकाळी फोन वाजला. दत्ताराम गॅलरीत पळाला.

"फोटो बघितला," मालनबाई म्हणाल्या. "सुंदर आहे."

"हो ना. परवाच आला वर."

"रंग अगदी बरोबर. टोकाला लाली आहे ती तर फारच छान. दत्ता, किती दिवस लागले रे?"

"यायला? आठ-दहा..."

"करायला."

खाली रस्त्यावरून मंडळाची ढोलाची तालीम ऐकू येत होती. दत्तारामनं कठडा घट्ट धरला.

"फोटो काढणाऱ्याकडे तोंड आहे त्याचं," बाई सांगू लागल्या. "सगळी पानं माझ्याकडे बघतायत. बत्तीस वर्षं तुझी झाडं बघितली मी. पाठ भिंतीला आणि तोंड प्रेक्षकांना. खरं झाड आपल्याकडे कशाला बघेल? ते खिडकीकडे बघतं. बाकीचे दांडे बघ ना, सगळे डावीकडे कललेत."

दत्तारामनं वळून आत बघितलं. खरंच होतं. इतके महिने तो कुंडीपुढे बसला होता आणि त्याच्या नजरेला हे आलं नव्हतं.

"बाई, झाड जातंय," तो म्हणाला. "माझ्याच हातून. सांगायचं कसं म्हणून..."

"पाणी किती घालतोस?"

"तीन तांबे."

"आठवड्याला?"

"दिवसाला."

"अगं बाई!" एवढंच त्या म्हणाल्या. रागावल्या की हसल्या की त्यांना रडू आलं, ते कळलं नाही. "बघ काही करता आलं तर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दत्तारामनं आत येऊन तो कोंब उपटला, तार पिळून मोडली आणि पेटीत टाकून दिली. जेवला नाही. वैशालीला सगळं सांगून टाकलं. तिनं एरवी चार टोमणे मारले असते, पण आज तिनं फक्त ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "उद्या राणीच्या बागेत जा. तिथं माळी असतात, शिकलेले. त्यांना दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक दांडा, वर्तमानपत्रातली गळलेली पानं आणि कुंडीतली मूठभर माती पिशवीत घालून दत्ताराम राणीच्या बागेत पोचला. आत रोपांच्या शेडपाशी एक पन्नाशीचा माळी कलमं बांधत होता. सगळे त्याला गौतमभाऊ म्हणत होते. त्यानं दांडा हातात घेतला, बूड दाबलं, नाकाशी नेलं.

"पाणी कुणी घातलं एवढं?"

"मी."

"काय समजून?"

"अळू समजून. बोटं खाजली होती."

गौतमभाऊ हसला नाही. उलट त्यानं मान डोलावली. "अर्धं बरोबर आहे तुमचं, काका. खानदान अळवाचंच. पण त्या खानदानात सुरणही येतो, माहीत आहे ना? तुम्ही कोकणातले दिसता."

"कणकवली."

"मग सुरणाला कधी पाणी घालता का? याला झीझी म्हणतात. आफ्रिकेतलं आहे. तिकडे पाऊस महिनोन्महिने नसतो, म्हणून हे खाली बटाट्यासारखे कंद करून त्यात पाणी साठवून बसतं. याचा पाण्याचा हंडा याच्याच घरात. वरून तुम्ही रोज ओतलंत. बुडालं बिचारं."

दत्तारामच्या डोळ्यांपुढे गावचं परसू आलं. चैत्र-वैशाखात तिथं सुरणाची नावनिशाणी नसायची, नुसती तापलेली जमीन. आई म्हणायची, तिथं पाय देऊ नका, खाली आहे तो. हे सगळं त्याला ठाऊक होतं. नुसतं नाव चुकलं, आणि चुकीच्या नावानं केलेली माया झाडाला भोवली.

"वाचेल?"

"कंद गेले असणार. कुंडी उपडी करून बघा, एखादा घट्ट लागला तर नशीब." गौतमभाऊनं वर्तमानपत्रातली पानं चाळली. पिवळी बाजूला केली. चार हिरवी निवडली. "ही अजून जिवंत आहेत. कोरड्या रेतीत देठ खोचा. उन्हात नको, खिडकीजवळ ठेवा. पंधरा दिवसांनी चमचाभर पाणी. हळूहळू पानाच्या बुडाशी वाटाण्याएवढा कंद धरेल. मग कोंब."

"किती दिवसांनी?"

"वर्ष धरा. जास्तही लागेल."

"वर्ष?"

"विसरून जायचं, काका. याला बघत बसलेलं आवडत नाही."

दत्ताराम चार पानं रुमालात घेऊन बाहेर आला आणि मोठ्या वडाखालच्या बाकावर बसला. वर्ष. तो आता पंच्याहत्तर पुरा, बाई एकोणऐंशीच्या घरात. तोवर कुठलं पान येणार नव्हतं आणि पान नाही तर फोन नाही. करारच तसा होता. समोर एका शाळेची मुलं ओळीनं पाणघोडा बघायला चालली होती. तो त्यांच्याकडे बघत बसला. मग खिशातून फोन काढला, परत ठेवला, पुन्हा काढला.

"बाई," तो म्हणाला, "पान आलेलं नाही."

"मग?" मालनबाईंचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

"येणारही नाही. वर्षभर तरी. माळ्यानं सांगितलं." त्यानं सगळं सांगितलं, अळू, सुरण, हंडा, चार पानं. सांगून संपलं. आता एरवी तो "ठेवतो" म्हणाला असता. शब्द ओठांवर आलाही होता.

"दत्ता, ते तुझं पान आहे का अजून? खोटं?"

"मोडलं काल."

"मोडलंस? का रे?"

"लाज वाटली."

"अरे, खोटं म्हणून मोडलंस? मग मी काय करत होते आयुष्यभर? बत्तीस वर्षं रोज रात्री कुणा ना कुणाच्या मांडीवर डोकं ठेवून मेले. लोक रडतच होते ना?" मग त्यांचा आवाज खाली आला. "काल त्या फोटोकडे मी रात्री उशिरापर्यंत बघत होते. खोटं आहे हे पहिल्या झटक्यात कळलं, आणि तरी बघत होते. दोन दिवस कुणी माझ्यासाठी बसून काहीतरी केलं, असं किती वर्षांत झालं नाही. मला एक करून दे. पूर्ण झाड. माती नको, पाणी नको, दीपिकाचीही कटकट नाही."

आता दत्तारामला काम मिळालं होतं, आणि काम मिळालं की त्याला बोलता येई. त्यानं खिशातून एक जुनं कागदी पाकीट काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवली.

"खोली केवढी आहे, बाई?"

"लहानच. आपल्या गिरगावातल्या खोलीएवढी. छत तेवढं खाली आहे."

'आपल्या' हा शब्द त्यानं ऐकला. पेन्सिल क्षणभर थांबली. "खिडकी?"

"एक आहे. समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते. दुपारी बारा ते एक ऊन येतं, नंतर भिंतच."

त्यानं खिडकी काढली. "तुम्ही बसता कुठे?"

"पलंगावर. खुर्ची आहे, पण तिच्यावर दीपिकाचे इस्त्रीचे कपडे असतात."

"पलंग कुठल्या भिंतीला?"

"खिडकीच्या समोर." बाई आता सावकाश, एकेक वस्तू हातात घेऊन दाखवावी तशा बोलत होत्या. "उशाशी माझी औषधं. पायथ्याशी ट्रंक, गिरगावातून आणलेली, अजून उघडली नाही. कोपरा मोकळा आहे एक, ट्रंकेच्या पलीकडे. आणि दार डाव्या हाताला. मी बसले की दार नजरेत येतं. बघत असते मी. तसं कुणी येत नाही फारसं."

पाकिटावर पलंग आला, ट्रंक आली, मोकळा कोपरा आला. पलंगावर त्यानं एक लहानसा गोल काढला. बाई तिथं बसल्या होत्या. मुलांची ओळ पाणघोडा बघून परत फिरली होती, त्यांच्या शिक्षिका शिट्टी वाजवत होत्या, आणि दत्ताराम कानाला फोन दाबून धरून पेन्सिलीनं दाराच्या रेघेशी आला.

"दाराची रुंदी किती असेल, बाई?" त्यानं विचारलं. "झाड घेऊन मला आत यायचंय."